मापात न बसणाऱ्या एकशेवीस पँटी

चाळीस वर्षं मी पुरुषांची मापं घेतली. टेप कमरेला लागला की प्रत्येक पुरुष श्वास रोखून पोट आत ओढतो, मग तो बँकेतला साहेब असो नाहीतर पालेगावचा शेतकरी. मी काही बोलत नसे. टेपवर चौतीस दिसलं की वहीत पस्तीस लिहायचं, आणि आठ दिवसांनी "मावशी, काय बरोबर बसलीय बघा!" हे कौतुक ऐकून घ्यायचं. माझ्या हातची पँट कधी परत आली नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, फुशारकी म्हणूनच सांगते. हातच्या काकणाला आरसा कशाला?

मी शालन. राहायला विठ्ठलवाडीत, कामाला उल्हासनगरात कॅम्प पाचला, गोपसेठच्या कारखान्यात. तिथं मी कटिंग मास्टर होते. मास्टर म्हणजे कापड बेतून कापणारा माणूस. बाकीचे त्यानं कापलेलं शिवतात. त्यामुळे मास्टर चुकला तर तीस मशीनवरच्या तीस बाया एकाच वेळी चुकतात. हे काम पुरुषांचं समजतात. मी पहिल्यांदा कात्री हातात घेतली तेव्हा गोपसेठचे वडील म्हणाले होते, "अरे साईं, औरत मास्टर? मार्केटमध्ये लोक हसतील." वर्षभरात तेच म्हातारबुवा गिऱ्हाइकाला सांगायला लागले, "हमारी मास्टर को पूछो."

कारखान्यात जीन्स निघायच्या, हजारांनी. घरी मात्र मी ओळखीच्यांचे कपडे शिवत असे, हौसेनं. त्या घरच्या गिऱ्हाइकांत एकेक नमुने होते. एकाला चार खिसे आत आणि दोन बाहेर लागायचे, बायकोला सापडू नयेत म्हणून. पण सगळ्यांत विचित्र दळवीकाका. पूर्वी आमच्या शेजारच्या चाळीत राहायचे, मग मुलानं सोनिवलीला फ्लॅट घेतला तसे तिकडे गेले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त. ताठ माणूस, पंचाहत्तरीतही खांदे सरळ. दरवर्षी गणपतीच्या आधी दोन पँटींचं कापड घेऊन येणार आणि एकच सांगणार, "शालन, कमर अर्धा इंच घट्ट. हुक दोन. पट्ट्याचे लूप सात. आणि आतून नाडी."

"अहो काका, पँटला नाडी कोण लावतं? लेंगा आहे का तो?"

"तू लाव."

मी लावायची. कमरेच्या पट्टीच्या आत नेफा शिवायचा, त्यात नाडी ओवायची, वरून हुक, वरून पट्टा. माप देताना काका कधी पोट आत ओढत नसत, उलट बाहेर काढत. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी त्यांची नक्कल करून दाखवायची, नाडी आवळत, हुक लावत, पट्टा ओढत. बाया हसून हसून लोळायच्या. अठरा वर्षं मी हा विनोद केला. आज तो आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तीन वर्षांपूर्वी, माझ्या निवृत्तीच्या तोंडावर, गोपसेठकडे सिनेमाचं काम आलं. अंबरनाथला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात युद्धाच्या सिनेमाचा सेट लागला होता. गोष्ट एकाहत्तरच्या लढाईतली: शत्रूच्या छावणीत आपले जवान कैदेत अडकलेत, आणि आपली एक तुकडी जाऊन त्यांना सोडवून आणते. कैद्यांच्या घोळक्यासाठी एकशेवीस माणसं इकडचीच घेतली होती. त्यांचे कपडे आम्ही शिवायचे आणि जुने करून द्यायचे. नवा कपडा जुना करण्यात आमच्या उल्हासनगरचा हात कोण धरणार? इथं कोरी जीन्स सकाळी मशीनमध्ये दगडांबरोबर घोळवतात, पॉलिश पेपरनं मांड्या-गुडघे घासतात, आणि संध्याकाळी ती पाच वर्षं वापरल्यासारखी दिसते. लोक त्याचे जास्त पैसे देतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

सिनेमावाल्यांची रिया नावाची मुलगी आमच्याकडे यायची. कपडेपटाची सहायक, चोवीस-पंचवीसची, कानात कायम फोन. ती म्हणाली, "मॅम, मेजरमेंटचं टेन्शन नका घेऊ. स्मॉल, मीडियम, लार्ज करून टाका. भीड आहे ती, क्लोज-अप नाहीयेत सगळ्यांचे."

मी म्हटलं, "माझ्या हातून अंदाजाने कपडा जात नाही."

दोन दिवस अंबरनाथला बसून मी एकशेवीस माणसांची मापं घेतली. पालेगावचे शेतकरी, बदलापूरचे निवृत्त कारकून, दोन वॉचमन, एक भजनी मंडळ आख्खंच्या आख्खं. सगळ्यांनी पोटं आत ओढली, मी सगळ्यांना एक इंच वाढवला. शर्ट, पँट, कॉलर, बाही. प्रत्येक कपड्यात नावाची चिठ्ठी. आमच्या बायांनी शिवले, धुलाईवाल्यांनी मांड्या-गुडघे घासले, एक बारीक चट्टा दिसेल तर शपथ. टेम्पो गेला तेव्हा मी गोपसेठला म्हटलं, "हे माझं शेवटचं मोठं काम. याच्यावर माझं नाव लिहून ठेव." दसऱ्यानंतर मी थांबणार होते.

ललिता पंचमीला टेम्पो परत आला. भरलेला.

तीस मशीनं एकदम थांबली. आमच्या धंद्यात माल परत येणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. लग्नमंडपातून वरात परत फिरावी तसं. त्या दिवशीच्या रंगाच्या साड्या नेसून आलेल्या आमच्या बाया गठ्ठ्यांकडे बघत होत्या आणि माझ्याकडे बघायचं टाळत होत्या.

रिया मागून रिक्षानं आली. रडवेली झाली होती. "मॅम, सॉरी ना. सरांनी सगळ्यांना कपडे घालून उभं केलं आणि असे भडकले ना! बोलले, ये कैदी हैं या बाराती?"

"का? काय कमी आहे त्यात?"

"काहीच कमी नाही, तेच तर! एकदम फिटिंगमध्ये आहेत सगळे. मांडीवर रंग फेड झालाय, गुडघ्यावर फेड झालाय. सर बोलले, सगळे कॉलेजला चाललेत असं वाटतंय."

कपाळ माझं! करायला गेले गणपती आणि झाला मारुती. महिनोन्‌महिने उपाशी असलेला कैदी, आणि त्याची पँट मी त्याच्या मापाची शिवली, वर त्याला एक इंच भात खायला जागा ठेवली. कुठलाही सामान्य माणूस ही चूक करणार नाही. ती करायला चाळीस वर्षं मापं घेतलेला मास्टरच लागतो.

रिया म्हणाली, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुटकेचा सीन आहे. तोपर्यंत झालं तर ठीक, नाहीतर सर मुंबईहून भाड्याचे कपडे मागवणार."

गोपसेठ भला माणूस. म्हणाला, "शालन, तू फिकर मत कर. जाऊ दे. नुकसान होतं धंद्यात." पण मला नुकसानीचं काय पडलं होतं! माझ्या चाळीस वर्षांच्या शेवटच्या ओळीत 'परत' असा शब्द लिहिला जाणार होता. मी म्हटलं, "सेठ, हा माल असा राहणार नाही. मी याच्यावर निवृत्त होणार नाही."

बोलले तर खरी. पण कैद्याची पँट कशी असते, हे मला कुठं ठाऊक होतं? घरी येऊन डोकं धरून बसले. समोर खुंटीवर दळवीकाकांच्या दोन पँटी लटकत होत्या, शिवून तयार, न्यायला यायचे होते. कमर घट्ट, दोन हुक, सात लूप, आणि आतून नाडी. मी त्या नाडीकडे बघत राहिले. सव्वीस जानेवारीला सोनिवलीच्या शाळेत काकांना झेंड्याला बोलावतात, आणि दरवेळी मास्तर सांगतात, "हे वर्षभर युद्धकैदी होते." काका त्यावर कधी अवाक्षर बोलत नाहीत. हे मला ठाऊक होतं, नाडीही ठाऊक होती. अठरा वर्षांत दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघायची अक्कल मात्र मला आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पँटी घेऊन मीच सोनिवलीला गेले. काकूंनी चहा टाकला. मी सरळ विचारलं, "काका, तिकडे पँट कशी होती तुमची?"

त्यांनी पँटी मांडीवर घेऊन त्यांची नीट घडी घातली. स्वयंपाकघरातला कपबश्यांचा आवाज थांबला.

"कशाला हवंय?"

मी सगळं सांगितलं. सिनेमा, परत आलेला माल, माझी खोड, सगळं. ते थोडं हसले. मग म्हणाले, "मला सोडवायला कुणी आलं नव्हतं, शालन. वर कागदांवर सह्या झाल्या, आम्हाला गाडीत घातलं, सीमेवर आणून उतरवलं. चालत आलो. तुमचा सिनेमा खोटा आहे."

"असेल. पण कपडे तरी खोटे नकोत ना?"

यावर त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "माझं नाव कुठं घ्यायचं नाही."

"नाही घेणार."

"पहिल्या दिवशी पट्टा काढून घेतला," काका म्हणाले. "बुटांच्या लेस घेतल्या. नाडी, दोरी, सगळं. गळफास लावून घ्याल म्हणाले. दोन महिन्यांत मी इतका वाळलो की पँट कमरेवर थांबेना. तेव्हापासून डावा हात कायम इथं." त्यांनी कमरेशी मूठ धरून दाखवली. "हजेरीला इथं, जेवणाच्या रांगेत इथं. एका हातात ताट, एका हातात पँट. तोंडावर माशी बसली तर हाकलायला तिसरा हात कुठून आणायचा? बसू द्यायची."

"दोरी वळता नाही आली?"

"कांबळ्याचे धागे काढून वळली. झडतीत गेली. परत वळली, परत गेली. मग तारेचा तुकडा घासून सुई केली आणि कमरेला चुण्या घालून टाके मारले. ते उसवायचे. आणि तुम्ही गुडघे घासलेत म्हणतेस, ते चूक. कैदी गुडघ्यावर चालत नाही, बसतो. भिंतीला पाठ लावून दिवसभर बसतो. पाठ विरते, ढुंगण विरतं, कोपरं विरतात. हजेरीला तासन्‌तास उकिडवं बसवायचे, त्यानं गुडघ्याला पिशव्या येतात, पण ते विरत नाहीत."

मी भराभर वहीत लिहीत होते. वर बघितलं तर काकू दारात उभ्या, पदराचं टोक मुठीत.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "आपल्या लग्नात अंतरपाटामागे तुम्ही डावा हात कमरेला लावून उभे होता, ते हे? माझी आई म्हणाली होती, मुलाला पोटशूळ आहे का विचारून घ्या."

काकांनी कमरेवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"पन्नास वर्षं संसार केला. मला एका शब्दानं सांगितलं नाहीत. आणि ह्या शालननं पँटचं विचारलं तर घडाघडा बोललात."

"तू कधी पँटचं विचारलं नाहीस," काका म्हणाले.

काकू हसल्या आणि रडल्याही, दोन्ही एकदम. मीही डोळे पुसले. मग काकूंनी विचारलं, "सीमेवर लोक हार घेऊन आले होते म्हणे. तेव्हा तरी दोन्ही हात जोडलेत ना?" काकांनी मान हलवली. "मान पुढे केली. हात नाही काढला."

परत आले ती वाऱ्यासारखी. नवं कापड मिळायची सोय नव्हती, तो रंग खास करून घेतला होता. पण शालन मास्टरची एक चांगली खोड इथं कामाला आली. मी शिवणीच्या आत नेहमी दोन-दोन बोटं कापड राखून ठेवते. माणूस सुटला तर पँटही सोडता यावी म्हणून. बायांना म्हटलं, "उसवा सगळं." शिवलेलं उसवायला माणसाचं काळीज दगडाचं लागतं. पण उसवलं. बाजूच्या शिवणी सोडल्या, मागची शिवण सोडली, कमर तीन-साडेतीन इंच वाढली. कपड्यांच्या चिठ्ठ्याही फिरवल्या: जाड्याची पँट वाळक्याला. उरलेल्या सोळा धष्टपुष्टांचं काय करायचं, तर रियानं त्यांना पहारेकरी करून टाकलं. ते बिचारे शत्रूकडे गेल्यामुळे जरा नाराज होते.

पाठी, कोपरं आणि बुडं घासली. मांड्या-गुडघ्यांवरचे घासलेले पट्टे झाकायला पालेगावातल्या नव्या बिल्डिंगच्या खड्ड्यातली माती आणून चहाच्या पाण्यात कालवून चोळली. आता राहिल्या त्या कमरेच्या चुण्या, कैद्यांनी स्वतः तारेच्या सुईनं घातलेल्या. मी बायांना सांगितलं, हातानं शिवा, वेडंवाकडं शिवा.

अष्टमीला काका कारखान्यात आले, मीच बोलावलं होतं. एक पँट उचलली, कमरेवरचे टाके जवळ धरून बघितले.

"हे कुठल्या कैद्यानं शिवलंय?"

"का?"

"याला सुटल्यावर दुकान घालून दे. फार छान हात आहे."

मी बघितलं आणि हसावं का रडावं कळेना. वेडंवाकडं शिवा म्हटलं तर आमच्या बायांनी तेही एकसारखं वेडंवाकडं शिवलं होतं. एक टाका डावीकडे, एक उजवीकडे, मधलं अंतर मोजून घ्या. वीस वर्षं शिवणाऱ्या हाताला वाईट शिवताच येत नाही. मी स्वतः प्रयत्न केला. माझं तर नक्षीकाम झालं.

आणि दुष्काळात तेरावा महिना: दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी मशीनं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून पूजेला लागतात. कात्र्या, टेप, सुया सगळं पाटावर मांडतात. वर्षभर राबणाऱ्या हत्याराला एक दिवस सुट्टी. त्या दिवशी हत्याराला कुणी हात लावत नाही, सेठही नाही. आमच्यातली थोरली बाई, सगुणा, तिनं आधीच बजावलं, "मास्टर, काय वाटेल ते सांगा, पण उद्या सुई धरायला सांगू नका. मी नाही धरणार आणि कुणाला धरू देणार नाही."

मी चिडले, तोंडाला येईल ते बोलले. मग काका शांतपणे म्हणाले, "शालन, ज्यांनी घालायच्यात त्यांना शिवू दे ना. मला कुठं शिवता येत होतं?"

अगं बाई! इतकं साधं. मी आख्खं आयुष्य दुसऱ्यासाठी शिवण्यात घालवल्यामुळे हे मला सुचणं शक्यच नव्हतं.

खंडेनवमीला सकाळी एकशेचार पुरुष आमच्या कारखान्यात आले. झेंडूच्या माळा घातलेल्या मशीनांच्या मधोमध सतरंज्यांवर फतकल मारून बसले. सुया मी बाजारातून कोऱ्या पाकिटातल्या आणल्या होत्या, पूजेला न लावलेल्या. सगुणा म्हणाली, "ही पळवाट आहे." मी म्हटलं, "हो, आहे. देवी बघून घेईल, तीही बाईच आहे." ती हसली आणि बाजूला झाली. बायांनी सुईला हात लावायचा नाही, फक्त तोंडानं शिकवायचं, एवढं ठरलं.

काय तो सोहळा! पालेगावचे एक बाबा म्हणाले, "मास्तरीन, आमी नांगर धरलाय, सुय नाय धरली कदी."

"म्हणूनच तर तुम्हाला बोलावलंय, बाबा."

त्यांना दोरा ओवायलाच पाव तास लागला. एका कारकुनानं स्वतःची पँट सतरंजीला शिवून टाकली. बोटांना सुया टोचत होत्या, शिव्या निघत होत्या, बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. "अहो, घरात बायको बटण लावते तेव्हा बघत तरी जा!" मधोमध दळवीकाका बसले होते, स्वतःही एक पँट घेऊन. कुणालाही काही न सांगता टाके घालत होते. जाड, आडवे, घाईघाईचे टाके. शिवून झाल्यावर ती पँट त्यांनी माझ्यापुढे धरली. मी आयुष्यात इतकी वाईट शिलाई बघितली नाही आणि इतकी खरी पण नाही.

एकानं विचारलं, "आजोबा, नाडी कुठं ओवायची याच्यात?"

"नाडी नसते," काका म्हणाले. "हातानं धरायची."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी कपड्यांबरोबर अंबरनाथला गेले. काका आले नाहीत. "सुटका बघायला मी कशाला येऊ?" म्हणाले. बंद कारखान्याच्या आवारात तारेचं कुंपण, प्लायवूडचा टेहळणी मनोरा, खालून धूर. बरं दिसत होतं. दिग्दर्शक आले, कैद्यांमधून एक चक्कर मारली, पाठी बघितल्या, कोपरं बघितली, एकाच्या कमरेचे टाके बोट लावून बघितले. "अब ठीक है," एवढंच बोलले. माझा जीव भांड्यात पडला.

पण पुरता नाही. सीन असा होता: फाटक तुटतं, आपले जवान आत घुसतात, कैदी दोन्ही हात वर करून ओरडत बाहेर धावत येतात. पहिल्या तालमीला सगळ्यांनी हात वर केले आणि पन्नासेक पँटी खाली आल्या. हशा झाला. पहारेकरी हसले, हिरो हसला. दिग्दर्शक हसले नाहीत.

रिया धावत माझ्याकडे आली. "मॅम, दोरी आहे? नाडी, इलॅस्टिक, काहीही द्या! सर बोलले पाच मिनिटात नाही झालं तर भाड्याचे कपडे."

माझ्या पिशवीत नाडीचा आख्खा गुंडा होता. मास्टर नाडीशिवाय घराबाहेर पडत नाही. तो गुंडा दिला असता तर माझं काम पास झालं असतं, माल परत आला नसता, आणि मी हार घालून निवृत्त झाले असते. मी पिशवीची चेन लावली.

"नाडी नाही देणार," मी म्हटलं.

"मॅम, प्लीज!"

दिग्दर्शक स्वतः आले. मोठा माणूस, आवाज त्याहून मोठा. पण माझी जीभ कधी लटपटली नाही. मी म्हटलं, "साहेब, कैद्याची नाडी पहिल्या दिवशी काढून घेतात. पट्टा पण, लेस पण. त्याला दोन्ही हात वर करताच येत नाहीत. एकदा, फक्त एकदा, त्यांना जसं धावायचं तसं धावू द्या. नाही आवडलं तर मी स्वतः एकशेचार नाड्या ओवते आणि घरी जाते."

त्यांनी घड्याळ बघितलं. मग वळून ओरडले, "जैसे भागना है, भागो."

फाटक तुटलं. एकशेचार माणसं धावत आली. डावा हात कमरेशी, मूठ आवळलेली. उजवा हात कुणाचा वर, कुणाचा शेजारच्याच्या दंडाला धरलेला. पालेगावचे बाबा अडखळले, तरी त्यांनी पँट सोडली नाही. ते पळणं नीट पळणंही नव्हतं, लंगडत, फरफटत. कुणी ओरडलं नाही, ओरडायचं विसरलेच. पहारेकरी हसायचे थांबले. चाळीस वर्षं मी कपडे शिवले, पण माझ्या कपड्यानं माणसाचा हात एका जागी धरून ठेवलेला मी त्या दिवशी बघितला.

दिग्दर्शकांनी छोट्या पडद्यावर ते दोनदा बघितलं. टोपी काढून डोकं खाजवलं. मग माझ्याजवळ येऊन मराठीत विचारलं, "ताई, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

नाव जिभेच्या टोकावर आलं होतं. "एका गिऱ्हाइकानं," मी म्हटलं.

सिनेमा पुढच्या वर्षी लागला. शेवटी पाट्या आल्या त्यांत घोडेवाल्याचं, चहावाल्याचं, सगळ्यांचं नाव होतं, आमच्या कारखान्याचं नव्हतं. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? बदलापूरला आम्ही सगळ्या बाया मिळून गेलो, आणि काकू काकांना घेऊन आल्या, जवळजवळ ओढूनच. काका माझ्या शेजारी बसले. पहिले दोन तास हिरोनं एकट्यानं अर्धी फौज मारली, तेव्हा काका खुर्चीत मागे रेलून चक्क पेंगत होते. मग फाटक तुटलं.

थिएटरात शिट्ट्या सुरू झाल्या होत्या, त्या बंद झाल्या. पडद्यावर माणसं कमरेला हात धरून धावत होती. मी पडद्याकडे बघत नव्हते. काकांनी पँटला नाडी बांधली होती, दोन हुक लावले होते, वर पट्टा होता, आणि त्यांच्या डाव्या हातानं कंबर घट्ट धरली होती. काकूंनी आपला हात त्या मुठीवर ठेवला. सीन संपेपर्यंत दोघंही हलली नाहीत.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काका, मी अठरा वर्षं तुमच्या नाडीची चेष्टा केली. कारखान्यात नक्कल करायची. मला माफ करा."

"बाया हसायच्या का?" त्यांनी विचारलं.

"खूप."

"मग ठीक आहे," म्हणाले.

आता मी निवृत्त आहे. कारखान्यात जात नाही, घरी फक्त काकांच्या दोन पँटी शिवते. यंदा गणपतीच्या आधी कापड घेऊन आले, माप दिलं, आणि जाता जाता दारात थांबून म्हणाले, "एकीला नाडी नको. बघतो जमतं का. नाही जमलं तर परत लावून दे." मी बरं म्हटलं. पण त्या पँटलाही आतून नेफा शिवून ठेवला, रिकामा. लागलाच तर पाच मिनिटांत नाडी ओवता येईल म्हणून. गिऱ्हाइकाचं ऐकायचं, पण थोडं कापड राखून ठेवायचं.

परवा दसरा झाला. वडीलधाऱ्यांकडे सोनं द्यायला आपण जायचं असतं, म्हणून मी साडी नेसून निघणारच होते, तर बेल वाजली. दार उघडलं तर काका. मागे काकू जिना चढत होत्या. काकांच्या एका हातात आपट्याच्या पानांची जुडी, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. माझी नजर आधी त्यांच्या कमरेकडे गेली. जुनी सवय, तिला काय करणार?

"बघतेस काय?" काका म्हणाले. "आहे जागेवर." आणि त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे केले.